लाल कुठंय, हे विचारण्याआधी

थ्रीडी स्कॅनचा रिपोर्ट मीटिंगमध्ये उघडला की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, लाल कुठंय तेवढं दाखवा." पडद्यावर जॉब, म्हणजे मोजलेला भाग, फिरत असतो, बहुतेक अंग हिरवं, कुठे पिवळी झाक, एखाद्या कोपऱ्यात निळा डाग. बघणाऱ्यांची समजूत अशी की कॅमेऱ्याने जॉब पाहिला, कॅडशी, म्हणजे संगणकातल्या मूळ आराखड्याशी, ताडला आणि जिथे चूक सापडली तिथे लाल रंग लावला. इतकं सरळ असतं तर मला कुणी पगार दिला नसता.

त्या रंगांच्या आधी एक निर्णय झालेला असतो, आणि तो कॅमेरा घेत नाही, मी घेते. स्कॅन कॅडवर कसा बसवायचा, हा तो निर्णय. आमच्या भाषेत अलाइनमेंट. तोच जॉब, तोच स्कॅन, तेच कॅड; अलाइनमेंट बदललं की हिरवा जॉब लाल होतो नि लाल जॉब हिरवा. मशिनच्या अचूकतेवरून जेवढे वाद ऐकले नसतील तेवढे मी या एका गोष्टीवरून ऐकलेत, म्हणून आज मुख्यतः त्यावर लिहिणार आहे. मध्येमध्ये भरकटेन, तेवढं चालवून घ्या.

आधी हे चालतं कसं, ते थोडक्यात. सेन्सरमध्ये दोन कॅमेरे आणि त्यांच्या मध्ये प्रोजेक्टर. कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि त्यांचे कोन कॅलिब्रेशनमधून माहीत झालेले असतात. एकच बिंदू दोन्ही कॅमेऱ्यांना दिसला की शाळेतला त्रिकोण पुरा होतो: पाया माहीत, दोन कोन माहीत, म्हणून शिरोबिंदू सापडला. अडचण अशी की डाव्या चित्रातला हा पिक्सेल म्हणजे उजव्या चित्रातला नेमका कुठला, हे ठरवायचं कशावरून? राखाडी कास्टिंगवर, म्हणजे ओतीव जॉबवर, सगळे पिक्सेल एकमेकांसारखेच. म्हणून प्रोजेक्टर जॉबवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रं एकामागून एक टाकतो, प्रत्येक चित्रात पट्टे आधीपेक्षा बारीक. दहा चित्रं झाली की १०२४ पट्टे वेगवेगळे ओळखता येतात, कारण प्रत्येकाच्या वाट्याला काळ्या-पांढऱ्याचा स्वतःचा असा दहा जागांचा क्रम आलेला असतो. हा क्रम ग्रे कोडमध्ये लावतात. त्यात शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये एकाच जागी फरक असतो, त्यामुळे काठावरच्या पिक्सेलला काळं की पांढरं ते नीट कळलं नाही तरी फार तर एका पट्ट्याची गफलत होते. बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रे यांना या कोडचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. त्यांच्या डोक्यात दूरसंचार होता. आमची कास्टिंग्ज त्यांच्या गावीही नसणार.

एवढ्यावर भागत नाही, पट्ट्याच्या आतही बारकाई लागते. त्यासाठी हळूहळू उजळ आणि मंद होत जाणारा प्रकाश पाव-पाव लांबीने सरकवत चार वेळा टाकतात. चारही वेळी त्या पिक्सेलला किती उजेड मिळाला यावरून तो त्या लाटेत नेमका कुठे आहे हे गणिताने काढता येतं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, पण तेवढ्या वेळात जॉबही हलता कामा नये आणि सेन्सरही. वरून क्रेन गेली की सॉफ्टवेअर हालचाल झाल्याची तक्रार करतं आणि शॉट पुन्हा घ्यावा लागतो. प्रकाश निळा असतो, कारण कॅमेऱ्यावर तेवढाच रंग आत सोडणारा फिल्टर लावला की शेडमधल्या दिव्यांचा त्रास बराच कमी होतो.

सीएमएमवर, म्हणजे स्पर्शाने बिंदू मोजणाऱ्या मशिनवर, रुबीचा गोळा टेकवून टेकवून मी बरीच वर्षं काढली. तिथे एका जॉबवर काही शे बिंदू घेतले तरी खूप. इथे एका शॉटमध्ये लाखो येतात, आणि त्या आकड्याने भलेभले भुलतात. बिंदू जास्त म्हणजे माप जास्त खरं, असं काही नसतं. कॅलिब्रेशन बिघडलेला सेन्सर लाखो बिंदू तितक्याच तत्परतेने चुकीचे देतो. शिवाय बिंदू किती दाट पडतात हे फील्डच्या, म्हणजे एका शॉटमध्ये दिसणाऱ्या भागाच्या, आकारावर ठरतं. ४०० मिमी रुंदीचं फील्ड ४००० पिक्सेलवर पसरलं तर दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ०.१ मिमी. त्यात ०.२ मिमीच्या कडेच्या रेडियसवर बिंदू पडून पडून किती पडणार? तरी ड्रॉइंगवर तो रेडियस असतो, आणि "स्कॅन केलाय ना, मग काढा की त्यातून" असं सांगणारेही असतात.

आता अलाइनमेंट. ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग होतं, लांबी ४०० मिमीच्या थोडी वर. कास्टिंग एकाकडून यायचं, मशिनिंग दुसऱ्याकडे व्हायचं. मशिनिंगवाल्यांची तक्रार अशी की लांबच्या टोकाला वरच्या फ्लँजवर माल कमी पडतोय; कटर फिरून जातो आणि काही जॉबवर कास्टिंगची कातडी तशीच राहते. कास्टिंगवाल्यांनी उत्तरादाखल स्कॅनचा रिपोर्ट पाठवला. पानभर हिरवं. खाली तीन पॅड होते, त्यातल्या एकावर फिकट निळा ठिपका, उणे ०.३ मिमी. प्रोफाइल टॉलरन्स, म्हणजे पृष्ठभागाच्या आकारात चालणारा फरक, १.० मिमी; पृष्ठभागाच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा. उणे ०.३ त्यात आरामात बसतं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी तो रिपोर्ट वाचायला घेतला तेव्हा आधी अलाइनमेंट शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण हिरव्याचं एकसारखं पसरणं पाहूनच अंदाज आला: बेस्ट फिट. बेस्ट फिटमध्ये सॉफ्टवेअर सगळे बिंदू घेऊन स्कॅनला कॅडवर असं बसवतं की एकूण फरक कमीत कमी राहावा. इथे बहुमताचं राज्य असतं. मोठ्या भिंतींवरच्या लाखो बिंदूंपुढे बोटाएवढ्या पॅडवरच्या काही शे बिंदूंना कोण विचारतो? पॅड बिचारा उणे ०.३ म्हणून कोपऱ्यात निळा होऊन बसतो, बाकी जॉब हिरवागार.

ड्रॉइंगवर मात्र ते तीन पॅड म्हणजे डेटम ए होता, मापं जिथून धरायची तो आधार. मशिनिंगचं फिक्श्चरही जॉबला त्याच तीन पॅडवर धरत होतं. त्यातले दोन पॅड एका टोकाला शेजारी-शेजारी, तिसरा त्यांच्यापासून १२० मिमी अंतरावर. तिसरा पॅड ०.३ मिमी खाली बसत असेल, तर जॉब पहिल्या दोन पॅडच्या रेषेवर कलतो. १२० मिमीला ०.३, तर ४०० मिमीला किती? बरोबर १.० मिमी. फ्लँजवर मशिनिंगसाठी ठेवलेला माल १.५ मिमी होता. त्यातला एक मिलिमीटर या कलण्यात गेला, उरलेला अर्धा कास्टिंगच्या स्वतःच्या कमी-जास्तात. कातडी राहणारच.

तोच स्कॅन मी तीन पॅडवर बसवून रंगवला. पॅड तिन्ही हिरवे, शून्यावर. तिथून पुढे हिरवं, मग निळसर, आणि फ्लँजपाशी गडद निळं. एकच फाइल, दोन चित्रं. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा खोलीत पहिल्यांदा भांडण थांबून प्रश्न सुरू झाले. कास्टिंगवाल्यांचं म्हणणं होतं, "अहो, पण प्रत्येक पृष्ठभाग टॉलरन्समध्ये आहे की." आकारापुरतं ते खरंही होतं. कास्टिंगचा आकार चांगला होता. तो उभा राहत होता चुकीचा.

माझ्या मते यात खरा दोष डिझाइनचा. ४०० मिमीच्या जॉबला धरायला १२० मिमीच्या आत तीन पॅड दिले की पॅडवरची प्रत्येक चूक टोकाला सव्वातीन पटीहून जास्त होऊन निघणार. डिझाइनवाल्यांकडे कारण तयार होतं: "पॅड पुढे नेला तर रिब आडवी येते." तिथेच कॅड उघडून पाहिलं, रिब थोडी कापता येत होती. पॅड ३०० मिमीवर गेला. तेवढ्याने तीच ०.३ ची चूक टोकाला ०.४ होते, १.० नाही. पॅडची टॉलरन्स बाकीच्या अंगापेक्षा वेगळी, घट्ट दिली. डायमध्ये, म्हणजे ओतायच्या साच्यात, बदल करावा लागला, त्यावरून कुरकुर झाली ती झालीच.

बेस्ट फिट वाईट असं माझं म्हणणं नाही. नवीन डाय आली, पहिले नमुने निघाले, जॉब कुठे वाकतोय, कुठे आखडतोय हे पाहायचंय. तिथे बेस्ट फिटच हवं. डेटमवर बसवलं तर एका पॅडच्या चुकीने सगळं चित्र कलतं आणि मूळ वाकणं त्यात हरवून जातं. कास्टिंगच्या आत पूर्ण मशिन झालेला जॉब मावतो का, हे पाहायलाही बेस्ट फिटची सुधारलेली रूपं कामाची. म्हणून मी दोन्ही चित्रं देते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत अलाइनमेंटचं नाव लिहिते. ज्या रिपोर्टवर ते लिहिलेलं नाही तो मी परत पाठवते. त्यावरून मला खडूस म्हणतात, म्हणोत.

डेटमवर बसवलं म्हणजेही सगळं सुटलं असं नाही. डेटम पृष्ठभाग सपाट नसेल तर प्रतल कुठून काढायचं? सॉफ्टवेअर न सांगता सरासरीचं प्रतल काढायला तयार असतं: अर्धे बिंदू वर, अर्धे खाली. पण जॉब टेबलावर ठेवला तर तो सरासरीवर उभा राहत नाही, सगळ्यात उंच बिंदूंवर टेकतो. आयएसओ ५४५९ या मानकात डेटमची कल्पना मटेरियलच्या बाहेरून टेकणाऱ्या प्रतलाचीच आहे. पृष्ठभाग ०.२ मिमीने वाकडा असेल तर या दोन प्रतलांमध्ये ०.१ मिमीचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात जॉब ओकेचा रिजेक्ट होऊ शकतो. मेन्यूत हा पर्याय तीन क्लिक आत दडलेला असतो.

पत्र्याच्या जॉबची आणखी वेगळी तऱ्हा. मोकळा ठेवला की स्वतःच्या वजनाने झोळ पडतो, क्लॅम्प केला की सरळ होतो. मोजायचा कसा? याचं उत्तर ड्रॉइंगने द्यायचं असतं. लवचीक जॉबसाठी आयएसओ १०५७९ आहे. मोकळ्या अवस्थेत मोजायच्या टॉलरन्सपुढे वर्तुळात एफ येतो, आणि बाकीच्यांसाठी जॉब कसा धरायचा ते लिहून द्यावं लागतं. बहुतेक ड्रॉइंगवर यातलं काहीच नसतं. मग एक जण टेबलावर आडवा टाकून स्कॅन करतो, दुसरा फिक्श्चरमध्ये उभा धरून, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून मशिनला शिव्या पडतात.

आता रंगांकडे येते. लाल म्हणजे कॅडपेक्षा माल जास्त, निळा म्हणजे माल कमी. लाल दिसला की लोक दचकतात आणि निळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, बहुधा रंग शांत वाटतो म्हणून. मी मात्र निळ्याला जास्त घाबरते. जास्तीचा माल काढता येतो, नसलेला आणायचा कुठून? भोकात तर हा हिशोब आणखी गोंधळात टाकतो. भोकाच्या भिंतीवर लाल म्हणजे तिथे माल जास्त, म्हणजे भोक लहान.

रंगपट्टीची रेंज हाही एक खेळ आहे. ±०.५ ची पट्टी ±२.० केली की जॉब एका क्लिकमध्ये सुधारतो. हे मुद्दाम केलेलं मी पाहिलंय, आणि न कळत झालेलंही. त्यात लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे लोक पुरुषांमध्ये बऱ्यापैकी असतात, आणि ते भर मीटिंगमध्ये तसं सांगत नाहीत. त्यामुळे महत्त्वाच्या प्रत्येक जागी मी आकड्याची चिठ्ठी लावते. आणखी एक: रंगात ०.६ दिसलं म्हणजे प्रोफाइल ०.६ नव्हे. आयएसओ ११०१ प्रमाणे प्रोफाइलचं माप सगळ्यात मोठ्या फरकाच्या दुप्पट धरतात, म्हणजे १.२. टॉलरन्स १.० असेल तर हा जॉब गेला. हे रिपोर्ट बघणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो "०.६ आहे, १.० च्या आत" म्हणून सही करून मोकळा होतो.

जॉब मोठा असला की एका शॉटमध्ये मावत नाही; शॉट एकमेकांना जोडत जावं लागतं, आणि प्रत्येक जोडाची बारीक चूक पुढच्यात मिसळत जाते. लांब जॉबच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती साचते. यावरचा उपाय स्कॅनिंगपेक्षा जुना आहे: फोटोग्रामेट्री. जॉबवर गोल ठिपके चिकटवायचे, काही ठिपक्यांभोवती ओळख पटवणाऱ्या तुटक कड्या, आणि साध्या चांगल्या कॅमेऱ्याने चहूबाजूंनी फोटो काढायचे. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंचं गणित एकदम सोडवतं: ठिपके कुठे, प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे, आणि लेन्स किती वाकडी दाखवते, हे तिन्ही एकाच वेळी. या एकत्र सोडवण्याला बंडल ॲडजस्टमेंट म्हणतात. १९५० च्या दशकात ड्वेन ब्राउन यांनी अमेरिकी हवाई दलाच्या कामासाठी ते उभं केलं, आणि लेन्सच्या दोषाचं त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं गणित आजही वापरात आहे.

फोटोंवरून मापं काढायच्या या विद्येचा एक जनक माणूस पडता पडता वाचला म्हणून त्या वाटेला लागला. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेत होते. उंचावर चढून मोजताना तोल जाऊन पडण्याची वेळ आली, आणि त्यानंतर त्यांनी विचार मांडला की इमारतीवर चढण्याऐवजी तिच्या फोटोवर मोजता येईल. फोटोग्रामेट्री हे नावही १८६७ मध्ये त्यांच्याच लेखातून पुढे आलं. शिडीवर उभं राहून मोठ्या जॉबच्या माथ्यावर ठिपके चिकटवताना मला हे आठवतं, कारण चढणं काही आम्हाला चुकलेलं नाही.

ठिपक्यांबद्दल दोन गोष्टी, कुणी शिकवत नाही म्हणून. ठिपक्याला जाडी असते. सॉफ्टवेअर ठिपक्याखालचा भाग कापून शेजारच्या पृष्ठभागावरून भरून काढतं, म्हणजे तिथलं माप मोजलेलं नसतं, अंदाजाने भरलेलं असतं. त्यामुळे डेटमवर, कडेवर आणि जिथे टॉलरन्स घट्ट आहे तिथे ठिपका लावायचा नाही. दुसरी गोष्ट जरा किडे करणाऱ्यांसाठी. तिरक्या नजरेने गोल ठिपका लंबगोल दिसतो, आणि त्या लंबगोलाचं केंद्र म्हणजे खऱ्या वर्तुळाचं केंद्र नसतं. जवळची बाजू मोठी दिसते म्हणून ते जरासं सरकतं. पिक्सेलच्या विसाव्या भागापर्यंत केंद्र शोधणाऱ्या गणितात हे सरकणंही दुरुस्त करावं लागतं. ठिपका मोठा आणि कॅमेरा जवळ असेल तर जास्तच.

फोटोंमधून आकार कळतो, आकारमान कळत नाही. फोटो पाहून तो लहान जॉबचा जवळून काढलाय की मोठ्या जॉबचा लांबून, हे गणिताला समजत नाही. म्हणून चित्रात स्केल बार ठेवायचा: प्रमाणपत्रावर लांबी लिहिलेली काठी, शक्यतो कार्बन फायबरची, कारण ती तापमानाने फारशी वाढत नाही. या काठीच्या लांबीत चूक झाली तर ती पूर्ण मापात प्रमाणात पसरते. एक मीटरच्या बारमध्ये ०.०५ मिमी चुकले तर तीन मीटरच्या जॉबमध्ये ०.१५.

आणि तापमान. मापाचं तापमान २० अंश सेल्सिअस हे १९३१ मध्येच ठरलंय, आयएसओ १ हे मानक त्याचंच आहे. ड्रॉइंगवर वेगळं लिहिलं नसेल तर प्रत्येक मिलिमीटर २० अंशांवरचा समजायचा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्मं. वरचं हाउसिंग ३२ अंशांच्या शेडमध्ये मोजलं तर ४२० मिमीच्या लांबीत जवळजवळ ०.१२ मिमी नुसत्या उकाड्याचे. सॉफ्टवेअर तापमान विचारतं, दुरुस्तीही करतं. पण ते जॉबचं तापमान विचारतं, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नाही. वॉशिंग मशिनमधून नुकताच निघालेला जॉब हाताला कोमट लागत असतो आणि फॉर्मवर २४ लिहिलेलं असतं, हे मी रोज बघते. जॉबला हात लावून बघा हो आधी.

चकचकीत मशिन केलेला पृष्ठभाग कॅमेऱ्याला आवडत नाही. पट्टे नीट उमटण्याऐवजी आरशासारखे दुसरीकडेच परततात. मग पांढरा स्प्रे मारतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर हात हलका असेल तर काही मायक्रॉनचा, जड असेल तर काही दशक मायक्रॉनचा. हा थर माप खातो. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वाढते, भोकाचा व्यास थराच्या दुपटीने कमी होतो. आमच्याकडे स्प्रे कोण मारणार यावर रिपीटेबिलिटी, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच माप येणं, अवलंबून होती, म्हणून मी ते काम दोघांवरच ठेवलंय. आपोआप उडून जाणारे स्प्रेही मिळतात. त्यातल्या काहींमध्ये सायक्लोडोडेकेन असतं, जे द्रव न होता हवेत विरून जातं. जुन्या कलावस्तूंच्या जतनात तात्पुरता आधार म्हणून ते आधीपासून वापरात होतं. पुसायची कटकट वाचते, पण आधी मोजून घ्यावं लागतं, चहाला जाऊन आलात तर थर वेगळा झालेला असतो.

आणि कॅमेरा जिथे पोचत नाही तिथे नाहीच पोचत. खोल बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, भिंतीवरचा एक बिंदू दोन्ही कॅमेऱ्यांना दिसायला हवा, वर प्रकाशही तिथे धड पडायला हवा. व्यासाइतक्या खोलीपर्यंत मी विश्वास ठेवते, त्यापुढचे बिंदू कापून टाकते. बेअरिंगचा बोअर, एच७ फिट (घट्ट टॉलरन्सचं भोक), आतला खाचा, आटे, ही कामं सीएमएमची आणि गेजची आहेत आणि राहतील असं माझं मत. स्कॅनर आल्यावर सीएमएम कोपऱ्यात गेला पाहिजे असं ज्यांना वाटत होतं त्यांना मी २० मायक्रॉनची टॉलरन्स दाखवते आणि विचारते, स्कॅनची अनिश्चितता किती आहे आपल्याकडे? आयएसओ १४२५३-१ मधला नियम ढोबळमानाने असा की अनिश्चितता सिद्ध करणाऱ्याच्या अंगावर पडते. पुरवठादाराला ओके म्हणायचं असेल तर टॉलरन्सच्या दोन्ही टोकांकडून तेवढी जागा सोडून आत बसायला हवं. घेणाऱ्याला रिजेक्ट म्हणायचं असेल तर तेवढं बाहेर दिसायला हवं. अनिश्चितताच टॉलरन्सएवढी असेल तर पुरवठादाराला ओके म्हणायला जागाच उरत नाही. घेणाऱ्यालाही टॉलरन्सच्या काठाजवळचा जॉब नाकारता येत नाही.

सेन्सर ठीक आहे का, हे पाहायला व्हीडीआय २६३४ या जर्मन मार्गदर्शिकेतली चाचणी आहे, आणि २०२१ पासून आयएसओ १०३६०-१३. दोन गोळे असलेली प्रमाणित काठी फील्डमध्ये वेगवेगळ्या जागी धरायची, गोळ्यांमधलं अंतर किती चुकतं ते पाहायचं. ही चाचणी सेन्सरची असते. जॉब कसा धरला, थर किती, कोणतं अलाइनमेंट, यातलं काहीच त्यात येत नाही. ब्रोशरवरचा आकडा त्या गोळ्यांचा असतो.

शेवटी एक सवय सांगते, जी मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात लावते. रिपोर्टसोबत एसटीएल फाइल ठेवली म्हणजे स्कॅन जपला असं नाही. एसटीएलमध्ये त्रिकोणांची जाळी असते, आणि ती बनवताना सॉफ्टवेअरने बिंदू गाळलेले, गुळगुळीत केलेले, ठिपक्यांची भोकं भरलेली असतात. मूळ प्रोजेक्ट ठेवा, कच्चे शॉट, फोटो, स्केल बारचं प्रमाणपत्र आणि त्या वेळचं तापमान यांसकट. वरच्या हाउसिंगचं ड्रॉइंग नंतर बदललं आणि डेटम दुसऱ्या पृष्ठभागावर गेला. आधीचे जॉब नव्या डेटमवर कसे दिसले असते, असा प्रश्न आला तेव्हा ते जॉब मशिन होऊन केव्हाच निघून गेले होते. आम्ही जुने प्रोजेक्ट उघडले, अलाइनमेंट बदललं, रिपोर्ट पुन्हा काढले. डिस्क भरत चालल्याची आयटीवाल्यांची मेल दर महिन्याला येते. मी तिला उत्तर देते आणि डिस्क मागून घेते.